शाळेचा पहिला महिना : शालाप्रेम आणि विद्यार्थ्यांची प्रगती

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनच्या मध्यास राज्यातील बहुतेक शाळा उघडतात. विदर्भात उष्म्यामुळे त्या काही दिवस उशिरा सुरू होतात. याच सुमारास मृगाचा पाऊस पडतो आणि खेडोपाडी पेरणीची घाई उडते. ज्या दिवसांत शाळेला मुले हवी असतात, त्याच दिवसांत ती शेतालाही हवी असतात. पहिल्या दिवशी प्रभातफेरी निघते, तोरणे लागतात, नवी पुस्तके हाती पडतात; परंतु दुसऱ्या आठवड्यात वर्गातील काही जागा रिकाम्या दिसू लागतात. वार्षिक निकाल उन्हाळ्यात लागत असला, तरी त्याची पेरणी जूनमध्येच होत असते, हे शिक्षकाने ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

१. शालाप्रेम कशास म्हणावे?

घोषणा, झेंडे व गणवेश ही शालाप्रेमाची बाह्य चिन्हे होत. खरे शालाप्रेम मुलाच्या मनातील दोन भावनांवर उभे असते : “मी आलो नाही, तर कोणाला तरी चुकल्यासारखे वाटते” आणि “येथे मला काही येऊ लागले आहे.” पहिलीवाचून मूल शाळेत येत नाही, दुसरीवाचून ते टिकत नाही. म्हणूनच शालाप्रेम व अभ्यासातील प्रगती या दोन वेगळ्या बाबी नव्हेत.

२. हजेरी

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवसांचे कामकाज ठरविले आहे. आठवड्याचे सहा कामाचे दिवस धरले आणि एखादे मूल दर आठवड्यास एकच दिवस घरी राहिले, तरी त्याचे वर्षाकाठी सुमारे ३३ दिवस बुडतात. हे नुकसान एकदम डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच ते अधिक घातक ठरते.

मूल सलग दोन दिवस आले नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता शिक्षकाने घरी चौकशी करावी. चौकशीचा सूर जाब विचारण्याचा नसावा. धाकटे भावंड सांभाळणे, गुरे राखणे, आईचे आजारपण अशी कारणे बहुधा समोर येतात. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले शाळेपर्यंत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. प्रत्येक शिक्षकास तसे करणे शक्य होणार नाही. परंतु ‘मूल का येत नाही’ या प्रश्नाचे उत्तर शाळेने शोधावयाचे असते, हा त्यातील बोध सर्वांना उपयोगी आहे.

३. प्रत्येकास काम

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व श्रमाची कामे स्वतः करीत. हातांनी काम केले, की संस्था आपली वाटते.

प्राथमिक शाळेतही पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलास काही काम नेमून द्यावे : पाण्याची व्यवस्था, फळ्यावर तिथी-वार लिहिणे, पर्जन्यमानाची नोंद, रोपांची निगा, पहिलीच्या मुलांना हात धरून आणणे. कामे पंधरवड्याने बदलावीत. झाडणे मुलींकडे आणि घंटा मुलांकडे, अशी वाटणी कटाक्षाने टाळावी. जे मूल अभ्यासात मागे आहे, त्याला जबाबदारीचे काम आधी द्यावे.

४. मागील इयत्तेचा पाया

दीड-दोन महिन्यांच्या सुट्टीत शिकलेले बरेचसे पुसट होते. नवा पाठ्यक्रम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक मुलास जवळ बसवून एक उतारा वाचून घ्यावा, चार वाक्ये लिहवून घ्यावीत आणि दोन-तीन उदाहरणे सोडवून घ्यावीत. ही परीक्षा नव्हे. गुण देऊ नयेत.

चूक मोजण्यापेक्षा चुकीचे कारण पाहावे. समजा, चौथीतील मुलाने ४२ वजा १७ याचे उत्तर ३५ लिहिले. त्याने ७ मधून २ वजा केले आहेत. त्याला वजाबाकी येते. दशक सोडविणे उमगलेले नाही. अशा मुलास पुन्हा पन्नास उदाहरणे घालून लाभ नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या त्याच्या हाती द्याव्यात. एक गठ्ठा सोडल्यावर तीन गठ्ठे व बारा सुट्या होतात. त्यांतून एक गठ्ठा व सात सुट्या काढल्यास २५ उरतात, हे त्याचे त्यालाच दिसते.

५. प्रगती कोणाशी ताडावी?

कोठारी आयोगाने (१९६४–६६) गळती व स्थगिती पहिलीत सर्वांत अधिक असल्याचे निदर्शनास आणले होते. त्या काळी नापास झालेले मूल त्याच इयत्तेत बसे व ते मागे पडल्याचे सर्वांना दिसे. २०१० साली शिक्षणहक्क कायदा अमलात आल्यापासून प्राथमिक इयत्तांत मूल सहसा वरच्या वर्गात जाते. हे हिताचेच झाले. तथापि त्यामुळे शिक्षकाचे उत्तरदायित्व वाढले आहे. वाचता न येणारे मूल पटावर चौथीत दिसते, आणि शिक्षकाने जवळ बसवून ऐकले नाही, तर ते कोणालाच कळत नाही. मागच्या रांगेत निमूट बसलेले असे मूल पुढे एके दिवशी शाळेत येईनासे होते.

म्हणून जुलैच्या मध्यास तीच पडताळणी पुन्हा करावी व मुलाची तुलना त्याच्याच जूनमधील नोंदीशी करावी. पहिल्या क्रमांकाचे कौतुक जरूर व्हावे; परंतु जोडाक्षरे अडखळत वाचणाऱ्या मुलीने एक परिच्छेद सलग वाचला, तर तेही परिपाठात सर्वांसमोर सांगितले जावे. त्या दिवशी तिला शाळा आपली वाटेल, आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावण्यास कोणी जावे लागणार नाही.

केंद्रातील बैठकीत विचारार्थ प्रश्न

(१) पेरणीच्या काळात आपल्या शाळेतील कोणत्या मुलांची हजेरी घटते व कोणत्या कारणाने?
(२) अद्याप कोणतेही काम न सोपविलेली मुले वर्गात किती आहेत?
(३) प्रत्येक मुलाचे वाचन शिक्षकाने स्वतः जवळ बसून शेवटचे केव्हा ऐकले?