मोडी लिपीची ओळख



आपण वहीत जी अक्षरे लिहितो ती देवनागरी लिपी. तिलाच बाळबोध असेही म्हणतात. पण आपले पणजोबा-खापरपणजोबा मराठी लिहायला आणखी एक लिपी वापरीत. तिचे नाव मोडी. भाषा मराठीच, अक्षरांचे वळण मात्र निराळे. अक्षर मोडून म्हणजे वळवून लिहायचे, म्हणून मोडी, असे बरेच जण मानतात.

ज्यांच्या नावावरून आपण जुन्या दगडी देवळांना हेमाडपंती म्हणतो, ते हेमाडपंत तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते. त्यांनीच मोडी प्रचारात आणली असे परंपरेने सांगतात.

मोडीचे वळण

मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. दरबारात कारकून ऐकत आणि लिहीत. हात सारखा उचलला तर वेळ जाणार! म्हणून मोडीत असे नियम झाले :

१. आपण आधी शब्द लिहितो आणि मग वर रेघ देतो. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची. मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे.

२. बोरू होईल तितका कमी उचलायचा. आपण काना वरून खाली काढतो. मोडीत तो खालून वर नेतात, म्हणजे हात पुढच्या अक्षराला तयार.

३. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचे.

४. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. हे ऐकून आमच्या वर्गाला फार आनंद झाला, बरं का!

बोरू म्हणजे बोरूच्या झाडाची काडी तिरकी तासून केलेली लेखणी. शाई काजळ आणि डिंक घालून करीत. ती लवकर वाळावी म्हणून वर बारीक वाळू टाकीत. प्रत्येकाचे वळण वेगळे असे. चिटणिशी, बिवलकरी, रानडी अशी काही वळणे तर नावाने ओळखली जातात.

मोडीचे उपयोग

पोथ्या बाळबोधीत लिहीत. पत्रे, हिशेब, सारा-वसुली, जमिनीचे व्यवहार यांना मोडी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कोट्यवधी कागद आहेत. दूर तमिळनाडूत तंजावरला मराठ्यांचे राज्य होते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. इतिहासाचार्य राजवाडे (१८६३-१९२६) गावोगाव हिंडून असेच कागद गोळा करीत.

मोडी छापायला अवघड. तरी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८१० साली मराठी शब्दकोश मोडी टायपात छापला. पुढे छापखान्यात देवनागरी रुजली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतली मोडीही बंद झाली. आता २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली आहे, म्हणजे संगणकावरही मोडी अक्षरे लिहिता येतात. पण संगणकातले अक्षर दर वेळी सारखेच उमटते. जुन्या कागदावर एकच 'क' दहा हातांनी दहा तऱ्हांनी काढलेला असतो. म्हणून खरे कागद वाचायचा सराव करावाच लागतो.

हे का शिकायचे?

आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात एक मोडी कागद आहे. विहिरीच्या पाण्याच्या वाट्याचा. घरात कोणालाच तो वाचता येत नव्हता. आजोबा म्हणत, आपला वाटा निम्मा. चुलत आजोबा म्हणत, पाव. गुरुजींनी मला जुने आकडे शिकवले होते. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. मी कागद उलगडला. रकमेच्या जागी दोन रेघा होत्या. मग गुरुजींनी सगळा कागद दोघांसमोर वाचला. वाटा निम्माच निघाला. पण उन्हाळ्यात पाळी कशी धरायची हेही त्यात लिहिले होते आणि ते दोघेही विसरले होते!

आपल्याला वाचता येत नसेल, तर दुसरा सांगेल तेच खरे मानावे लागते. २०२३ साली राज्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले, तेव्हाही मोडी वाचणाऱ्यांची गरज लागली. माणसे थोडी आणि कागद ढीगभर.

पालकांना विनंती

घरातले जुने कागद रद्दीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. कोरड्या सुती कापडात गुंडाळून वाळवीपासून दूर ठेवा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेते.

मुलांनो, करून पाहा

कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढा. तिच्याखाली आपले, आईचे आणि गावाचे नाव जागा न सोडता लिहा, पेन्सिल शक्य तितकी कमी उचला. मग शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला वाचता आले तर तुमचा हात चांगला!

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी