दुकानातील राउटर चालू होत नाही? मेकॅनिक बोलावण्यापूर्वी हे तपासा

आज दुकान कापडाचे असो, भांड्यांचे असो किंवा साकीनाक्याच्या गाळ्यातला छोटा कारखाना असो, इंटरनेटशिवाय धंदा चालवणे कठीण झाले आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, त्यानंतर २०१८ मध्ये ई-वे बिल आले. आता मालाचा नमुना व्हॉट्सअॅपवर जातो आणि ऑर्डरही तिथूनच येते. हा सगळा कारभार कोपऱ्यात टांगलेल्या एका छोट्या डबीवर चालतो. तिला राउटर म्हणतात. सकाळी शटर उघडावे, बटण दाबावे आणि डबीचा एकही दिवा लागू नये, असे झाले की बिल अडते, टेम्पो अडतो आणि ग्राहक पुढच्या दुकानात जातो.

अशा वेळी घाबरलेल्या माणसाला "डबी गेली, नवीन घ्या" एवढे सांगितले तरी तो पैसे काढून देतो. परंतु राउटर चालू न होण्याचे कारण पुष्कळदा डबीत नसतेच. ते तिच्या बाहेर असते आणि थोड्या पैशांत दूर होते. म्हणून ही माहिती प्रत्येक व्यापाऱ्याला व कारागिराला असली पाहिजे. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. कापडात दोष आला की जाणकार माणूस एकदम लूम विकायला काढत नाही. तो आधी सूत पाहतो, मग ताणा, मग बाणा. इथेही तोच क्रम ठेवायचा आहे. भिंतीपासून सुरुवात करावी आणि शेवटी डबीपर्यंत यावे.

राउटर जागा कसा होतो?

भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्टची वीज असते. राउटरला एवढी वीज चालत नाही. मधला काळा अडॅप्टर ती कमी करून १२, ९ किंवा ५ व्होल्ट करतो. ही वीज मिळाली की राउटर आपली मेमरी तपासतो, आत साठवलेला प्रोग्राम उघडतो, नंतर वाय-फाय सुरू करतो आणि सर्वांत शेवटी कंपनीच्या लाइनशी जोडला जातो. या सगळ्याला साधारण एक ते तीन मिनिटे लागतात. तेवढा सबर करावा. अर्ध्या मिनिटात बटण पुन्हा बंद करणाऱ्याला डबी कधीच नीट चालू झालेली दिसणार नाही.

तपासणीचा क्रम

१) प्लग तपासा. त्याच प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून पाहा. जुन्या गाळ्यांत प्लगची पाती सैल होतात. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो काढून अडॅप्टर थेट भिंतीत लावा. मिनी यूपीएस असेल तर तोही काही वेळ बाजूला ठेवा, कारण त्याची बॅटरी बसली की दोष राउटरवर येतो.

२) बाकी सर्व वायरी काढा. राउटरला फक्त अडॅप्टर ठेवा. कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, सगळे सोडवा. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा व मग चालू करा. आता डबी नीट चालू झाली, तर एकेक वायर जोडत जा. ज्या वायरीने डबी पुन्हा बंद पडेल, दोष त्या वायरीत किंवा तिच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रात आहे.

३) अडॅप्टर तपासा. सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. अडॅप्टरच्या आत कपॅसिटर नावाचा भाग असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. दर १० अंश उष्णता वाढली की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. पत्र्याच्या गाळ्यात इस्त्रीच्या टेबलाजवळ लावलेला अडॅप्टर लवकर का जातो, ते यावरून समजेल.

सुकलेला कपॅसिटर फसवतो. मल्टिमीटर लावला तर काटा बरोबर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्या वेळी अडॅप्टरवर भार नसतो. राउटर जोडला की व्होल्ट खाली येतो. मग दिवा लागतो, काही सेकंदांत विझतो, पुन्हा लागतो, आणि हे असेच चालत राहते. डबी मेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती अर्धपोटी असते. म्हणून मीटरवर विसंबू नये. दुसरा चांगला अडॅप्टर लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

दुसरा अडॅप्टर लावताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली, व्होल्ट अगदी तेवढाच हवा. दुसरी, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही. तिसरी, पिनच्या चित्रात मध्यभागी अधिकचे चिन्ह आहे की वजाचे, ते राउटरच्या लेबलशी जुळले पाहिजे. दुकानात कॅमेरा, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर यांच्या पिना सारख्याच दिसतात. कॅमेऱ्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या राउटरला लावला, तर चांगली डबी जळू शकते. म्हणून प्रत्येक अडॅप्टरवर टेप चिकटवून तो कशाचा आहे ते आजच लिहून ठेवा. अडॅप्टर स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही काही वेळ आत झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

४) डबीची हवा पाहा. आपल्या कापडाच्या धंद्यात रुईचे तंतू सगळीकडे उडतात आणि राउटरच्या जाळीत बसतात. हवा अडली की डबी तापते, तापली की आपोआप बंद पडते. बटण बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर राउटर ठोकू नका. भिजला असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नका.

दिवे काय सांगतात?

चांगला अडॅप्टर लावूनही एकही दिवा लागत नसेल, तर डबीचा आतला वीजभाग गेला असे समजावे. पॉवरचा दिवा स्थिर आहे, पण दहा मिनिटांनंतरही बाकी काहीच हलत नाही, तर आतला प्रोग्राम बिघडलेला असू शकतो. प्रोग्राम अपडेट होत असताना वीज गेली की असे घडते. ते काम जाणकाराचे आहे. सर्व दिवे लागले, पण "लॉस" लिहिलेला दिवा लाल आहे, तर डबी ठणठणीत आहे. फायबरमधून येणारा प्रकाश बंद झाला आहे. तक्रार कंपनीकडे करा. फायबरची तार मुडपू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका. फायबरची डबी व राउटर वेगळे असतील, तर आधी फायबरची डबी चालू करावी, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर.

रिसेटचे छिद्र

मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबण्याची सवय अनेकांना आहे. त्याने राउटर कोरा होतो. कंपनीने भरलेले नाव व पासवर्ड पुसले जातात आणि चालू होऊ शकणारी डबीही दिवसभर बिनकामाची होते. वीज न मिळणाऱ्या डबीला रिसेटचा काहीच फायदा नाही. हा उपाय सर्वांत शेवटचा, आणि तोही पासवर्ड हाताशी लिहिलेला असेल तरच.

वीज जाते तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि वीज टप्प्याटप्प्याने परत आली. एवढा मोठा प्रसंग रोज येत नाही, पण वीज येण्या-जाण्याचा धोका बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळीकडे आहे. वीज परत येते त्या क्षणी व्होल्ट वरखाली होतो आणि नाजूक वस्तूंना झटका बसतो. म्हणून वीज गेली की राउटरचा प्लग काढावा. ती आल्यावर पाच मिनिटांनी लावावा. गडगडाटात प्लगबरोबर बाहेरून येणारी तांब्याची नेट वायरही काढावी, कारण झटका त्या वाटेनेही आत येतो.

धंदा थांबू देऊ नका

तपासणी चालू असताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिलाचा कॉम्प्युटर जोडा, म्हणजे ग्राहक व टेम्पो ताटकळत राहणार नाहीत. नोकरालाही हे शिकवून ठेवा. राउटर कंपनीच्या मालकीचा असेल किंवा वॉरंटीत असेल, तर त्याचे स्क्रू उघडू नका. सील तुटले की बदलून मिळण्याचा हक्क जातो. तो आपलाच असेल आणि अडॅप्टर गेला असेल, तर जुना अडॅप्टर सोबत घेऊनच बाजारात जावे, मग ती जवळची गल्ली असो वा लॅमिंग्टन रोड. फक्त पिन पाहून नव्हे, तर लेबल वाचून नवीन घ्यावा.

मेकॅनिक आलाच, तर त्याला "चालत नाही" एवढेच सांगू नका. कोणता दिवा लागतो, किती वेळाने विझतो, अडॅप्टर बदलून पाहिला का, हे सांगा. ज्या व्यापाऱ्याने माल स्वतः तपासला आहे, त्याच्याशी भाव करताना समोरचा माणूसही जपून बोलतो. दुरुस्तीच्या बाबतीतही हेच खरे आहे.