चित्रकार ना. श्री. बेंद्रे : शैली एक की अनेक?

चांगले चित्र कोणते, असे विचारले असता आपल्यापैकी बहुतेक जण ‘जे हुबेहूब वठले आहे ते’ असे उत्तर देतात. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नव्हे; परंतु तेवढ्यावरच थांबल्यास विसाव्या शतकातील चित्रकलेचा मोठा भाग आपणांस परकाच राहतो. म्हणून इंदूरचेच सुपुत्र नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या चित्रशैलीचा अल्पसा अभ्यास आम्ही येथे मांडीत आहोत. हुबेहूब चित्रण उत्तम साधलेला हा कलावंत त्यापलीकडे का गेला, हे समजले म्हणजे आधुनिक चित्राकडे पाहण्याची वाट बरीच सुकर होते.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. तेथील कलाशाळेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. वर्गाच्या चार भिंतींबाहेर, उघड्यावर बसून निसर्ग रंगविण्याचे वळण तेथे होते. उन्हातील भिंत दुपारी एका रंगाची व सायंकाळी दुसऱ्याच रंगाची दिसते, हे डोळ्यांनी पाहावे आणि जाड, मोकळ्या फटकाऱ्यांनी कागदावर उतरवावे, ही ती शिकवण. १९३३ साली बेंद्रे यांनी मुंबईची कलापदविका मिळविली. पुढे काही काळ त्यांनी काश्मीरमध्ये नोकरी केली व तेथील निसर्ग मनसोक्त रंगविला. निसर्गचित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले.

येथेच थांबले असते तरी त्यांना कीर्तीची वाण पडली नसती. परंतु १९४५ साली ते शांतिनिकेतनात राहिले. नंदलाल बोस, रामकिंकर बैज व विनोदबिहारी मुखर्जी यांचे कार्य त्यांनी तेथे जवळून पाहिले. १९४७-४८ मध्ये अमेरिकेचा प्रवास घडला व युरोप-अमेरिकेतील नवी कला त्यांच्या अभ्यासाचा विषय झाली.

त्या नव्या कलेतील एक पंथ म्हणजे घनवाद. पिकासो व ब्राक यांनी १९०७-०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याचा पाया घातला. घागरीचे तोंड वरून पाहिल्यास वाटोळे दिसते आणि पोटाचा फुगीर आकार बाजूने दिसतो. एका जागी उभे राहून दोन्ही पुरतेपणी दिसत नाहीत. पण घागरीचे आपले ज्ञान मात्र दोहोंचे मिळून झालेले असते. घनवादी चित्रकार हे सारे पैलू एकाच पृष्ठावर मांडतो. अशा रचनेचा विचार बेंद्रे यांनी आपल्या विषयांना लावला. त्यांच्या ‘काटा’ या चित्राला १९५५ साली ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच काळात ते बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात अध्यापन करीत होते. १९५० पासून १९६६ पर्यंत त्यांनी तेथे शिकविले; पुढे त्या विभागाचे ते अधिष्ठाताही झाले. विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र रंगवून दाखविण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तरीही ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी एकमेकांसारखी चित्रे काढीत नाहीत, गुरूसारखी तर नाहीतच. शिक्षकाच्या यशाची याहून चांगली खूण आम्हांस दिसत नाही.

उत्तर आयुष्यात मुंबईस असताना बेंद्रे बिंदुवादाकडे वळले. हा मार्ग फ्रान्समध्ये सेरा या चित्रकाराने १८८० नंतरच्या दशकात दाखविला होता. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या कागदावर तांबडे व पिवळे बारीक ठिपके दाट भरावेत आणि कागद भिंतीला लावून दहा पावले मागे सरावे. नारिंगी रंग कागदावर कोठेच नसतो, पण डोळ्यांना तो भासतो. अशा ठिपक्यांतून बेंद्रे यांनी खेड्यांतील स्त्रिया व त्यांचा नित्याचा संसार रंगविला. तंत्र परदेशी असले तरी माणसे येथलीच आहेत.

बेंद्रे यांनी शैली वारंवार बदलली, त्यामुळे त्यांची अशी एक मुद्रा उमटली नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे, पण आम्हांस पूर्णतः मान्य नाही. निसर्गचित्रांत त्यांनी प्रकाशाचा शोध घेतला, घनवादी चित्रांत आकाराचा, तर बिंदुचित्रांत रंग डोळ्यांत कसा घडतो याचा. प्रश्न बदलला म्हणून उत्तराची रीत बदलली. रंगांवरील प्रेम व रेखाटनावरील हुकमत मात्र अखेरपर्यंत तीच राहिली.

१९६९ साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. १९९२ सालीच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांपासून आपण एवढे तरी घ्यावे : अनोळखी चित्रासमोर उभे राहिल्यावर ‘हे कशासारखे दिसते?’ एवढेच न विचारता ‘चित्रकार येथे कशाचा शोध घेत आहे?’ असेही विचारावे. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. तेवढा वेळ आपण चित्र खरोखर पाहिलेले असेल.