स्पॅनिशमधला 'होता' : पूर्ण भूतकाळ

मित्रांनो, रविवारी मेसला उशिरा पोचलं की काय होतं हे आपल्याला पाठ आहे. मी पोचलो तेव्हा पोरं जेवली होती! दोन्ही गोष्टी भूतकाळातल्या, पण जेवण आधी उरकलं आणि आपण नंतर पोचलो. ही 'आधीची' गोष्ट स्पॅनिशमध्ये पूर्ण भूतकाळात सांगतात :

क्वान्दो येगे, एयोस या आबीआन कोमिदो.
(मी पोचलो तेव्हा ते आधीच जेवले होते.)

रचना सोपी आहे. फक्त दोन तुकडे जोडायचे.

तुकडा 1 : 'आबेर' या सहायक क्रियापदाचं रूप. (लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, पण तो उच्चारत नाहीत.)
मी – आबीआ
तू – आबीआस
तो, ती, आदरार्थी आपण – आबीआ
आम्ही – आबीआमोस
तुम्ही सगळे – आबीआइस
ते, त्या – आबीआन
लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही सगळे'साठीही 'आबीआन'च चालतं.

तुकडा 2 : मूळ क्रियापदाचं शेपूट बदला. 'आर' काढून 'आदो' लावा. 'एर' किंवा 'ईर' काढून 'इदो'.
आब्लार (बोलणे) – आब्लादो
कोमेर (खाणे, जेवणे) – कोमिदो
बिबीर (राहणे, जगणे) – बिबिदो

आता खरी गंमत. आपण पोळी खाल्ली होती, भात खाल्ला होता असं म्हणतो. स्पॅनिशमध्ये पोळी असो की भात, 'कोमिदो' हलत नाही. बदलतो तो फक्त पहिला तुकडा. नकार हवा असेल तर 'नो' सर्वांत आधी. दोन तुकड्यांच्या मध्ये काही घुसवायचं नाही.

आणि आपली सगळ्यांची खोड! 'काल मी मेसमध्ये जेवलो होतो' हे मराठीत सहज चालतं. तसंच स्पॅनिशमध्ये म्हटलं, तर ऐकणारा वाट बघत बसेल, 'कशाच्या आधी?' तिथे साधा भूतकाळच हवा : आयेर कोमी. इंग्रजी इंटरव्ह्यूत 'येस्टरडे आय हॅड गॉन' म्हणून मी स्वतः फसलोय, म्हणून कळकळीने सांगतो. दुसरी, नंतरची घटना मनात असेल तरच 'होतो' वापरा.

करून बघा :
1) तू बोलला होतास.
2) आम्ही राहिलो होतो.
3) त्या जेवल्या नव्हत्या.

उत्तरे : 1) आबीआस आब्लादो. 2) आबीआमोस बिबिदो. 3) नो आबीआन कोमिदो.

तिन्ही बरोबर आली? मग आता मेस बंद व्हायच्या आधी पळा!