डाव्या हाताचं काम

चि. बाळास,


टेबलाच्या फळ्यांचा फोटो पाहिला. मधली फळी एका टोकाला बरोबर बसली आहे, दुसऱ्या टोकाला पाव सूत वर आली आहे. फळ्या जोडायला खाचांत घातलेली लाकडी बिस्किटं खराब निघाली असं तू लिहितोस. बिस्किटं चांगली आहेत रे, तुझी खाच तिरकी पडली आहे. खाचा पाडायचा बिस्किट जॉइनर नवीन घेतला तेव्हा माझ्याही कपाटाचं दार असंच बिघडलं होतं. मी दोन दिवस ब्लेडला दोष देत बसलो. दोष माझ्या हातांचा होता.

या सांध्याचा स्वभाव आधी समजून घे. खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब पडते, म्हणून पेन्सिलची खूण एक-दोन मिमी इकडेतिकडे झाली तरी फळी सरकवून जुळवता येते. जाडीत मात्र खाच 4 मिमीची आणि बिस्किटही तेवढंच. तिथे सरकायला जागाच नाही. तू खुणा करताना गुण्या लावून जीव काढतोस, आणि जिथे चूक चालत नाही तिथे हात सैल सोडतोस.

डावा हात फेन्सवर, म्हणजे यंत्राच्या फळीवर टेकणाऱ्या पट्टीवर ठेव, अगदी पुढे, आणि खाली दाबायचं काम त्याच्याकडेच दे. उजव्या हाताने मागची बॉडी सरळ पुढे ढकलायची, एवढंच. ती दाबायची नाही, उचलायचीही नाही. मोटरचं वजन मागे असतं. बऱ्याच खाचा झाल्या की उजवा हात जड होतो, मागचा भाग झुकतो, पुढे फेन्स फळीवरून केसभर सुटते आणि ब्लेड तिरकं आत जातं. डोळ्यांना ते दिसत नाही. डाव्या तळव्याला कळतं, पण तळवा तिथे असला तर.

फेन्स फळीवर टेकव, यंत्राची मधली खूण पेन्सिलच्या खुणेशी जुळव, डाव्या हाताने दाब, मगच बटण. ब्लेड मिनिटाला 10,000 च्या आसपास फेरे घेतं. आवाज एकसारखा झाल्याशिवाय ढकलू नकोस. आत जाताना दात लाकडाला आडवा धक्का देतात आणि यंत्र बाजूला सरकू पाहतं, म्हणून झटका द्यायचा नाही. ब्लेड पूर्ण मागे आल्यावरच बटण सोड. आणि फळी क्लॅम्पने बांधलेली हवी. छोटा तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने खाच पाडताना मी तुला एकदा पाहिलं आहे. ते पुन्हा करू नकोस. तुझ्या आईला फोन करायची वेळ माझ्यावर आणू नकोस. ब्लेडला हात लावायचा तर आधी प्लग काढ.

आणखी एक. फळी बाकावर सपाट असेल तर यंत्राचा तळही बाकाला टेकतो आणि फेन्सही फळीवर बसते. दोन आधार एकमेकांशी भांडतात, त्यात तळाखाली भुसा आला की संपलंच. फळीची कड बाकाबाहेर काढ, म्हणजे फेन्सचंच ऐकलं जाईल. सगळ्या फळ्यांच्या वरच्या बाजूला खूण कर आणि फेन्स नेहमी त्याच बाजूवर ठेव.

बिस्किटं दाबलेल्या बीच लाकडाची असतात, पाणी प्यायली की फुगतात. हर्मान श्टायनर या स्विस सुताराने 1950 च्या दशकात हा सांधा काढला तो याच गुणावर: फेविकॉलमधलं पाणी पिऊन बिस्किट खाचेत घट्ट बसतं. पण आपल्या कोकणच्या पावसात ते डब्यातच फुगतं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव. हाताने खाचेत जात नसेल तर हातोडी उचलू नकोस, ते बाजूला काढ. 20 नंबरचं बिस्किट 23 मिमी रुंद, म्हणून प्रत्येक फळीत 12 मिमीहून किंचित जास्त खोली लागते. गोंदाला जागा हवी. चिकटवल्यावर पॉलिश पेपर मारायला एक दिवस थांब. ओल्या, फुगलेल्या जागी घासलंस तर वाळल्यावर तिथे बिस्किटाच्या आकाराचे खळगे दिसतात. पॉलिशनंतर ते जास्तच दिसतात.

टेबल तूर्त बाजूला ठेव. टाकाऊ सागाच्या तुकड्यांत वीस खाचा पाड. मग प्रत्येक तुकडा खाचेवरून आडवा काप, म्हणजे ती सरळ गेली की तिरकी हे उघडं दिसेल. कोणती कितवी हे त्यावर लिही. तू म्हणशील पहिल्या पाच चुकल्या असतील. मला वाटतं शेवटच्या पाच. गणपतीला येशील तेव्हा सगळे तुकडे घेऊन ये, ओट्यावर मांडून बघू.

तुझा,
मामा