किनवटहून पुण्याची जपानी बाग : माणशी खर्च किती?

सुट्टीत मुलांना पुणे दाखवणार असाल, तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान चुकवू नका. महापालिकेची ही १० एकरांची बाग २००६ मध्ये खुली झाली. जपानच्या ओकायामा शहरात १७०० साली पूर्ण झालेलं कोराकुएन उद्यान हा तिचा नमुना. प्रवेशशुल्क नाममात्र आहे, खरा पैसा जातो तो प्रवासात. तेव्हा आधी प्रवासाचा हिशेब मांडू.

किनवट ते नांदेड : अंतर सुमारे १४० किलोमीटर. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनुसार साध्या एसटीला ६ किलोमीटरच्या टप्प्यामागे १०.०५ रुपये, म्हणजे जाताना साधारण २४० रुपये. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. वेळ जुळली तर रेल्वेने जा. जनरलचं तिकीट एसटीच्या निम्म्याहून कमी पडतं.

नांदेड ते पुणे : संध्याकाळची पनवेल एक्स्प्रेस लातूर, कुर्डुवाडीमार्गे सकाळी पुण्यात पोचवते. स्लीपरचे ३५० रुपये धरा. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळी-उन्हाळ्यात थांबू नका. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण.

स्टेशन ते बाग : अंतर सुमारे ७ किलोमीटर. पीएमपीची बस २० रुपयांत नेते. रिक्षा मीटरने सव्वाशेच्या आसपास, पण तिघांनाच बसता येतं.

एकूण : जाऊन-येऊन प्रवास १,२२०, चहा-नाश्ता-जेवण ४००. माणशी १,७०० रुपये हाताशी असू द्या. रात्रीच्याच गाडीने परतलात तर लॉजचा खर्च वाचतो. चौघांच्या घराला तो फरक मोठा आहे.

बागेत काय पाहाल : बाग दुपारी बंद असते, म्हणून स्टेशनवरून थेट तिथेच जा. डबा बाहेरच खाऊन घ्या आणि हिरवळीवर पाय देऊ नका. इथं फुलांचे ताटवे शोधू नका, पाण्याच्या मागे चाला. शेजारच्या कालव्याचं पाणी बागेत येऊन ओढ्यांत विभागतं, दगडांवरून उतरतं आणि तळ्यात स्थिरावतं. पायवाटा मुद्दाम वळणाच्या आहेत; प्रत्येक वळणावर दृश्य बदलतं. कोराकुएनमध्ये बाहेरचा किल्ला बागेच्या देखाव्यात सामावून घेतला आहे, इथं ते काम पर्वतीची टेकडी करते. लहान मुलांना पुलावर थांबवून मासे दाखवा. निदान दोन तास द्या, धावतपळत पाहण्याची ही जागा नव्हे.

दुपारी पर्वतीवर जा, तिथं जायला तिकीट नाही. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. निघण्याआधी गाडीची वेळ आणि भाडं एकदा तपासून घ्या.