वसईच्या घंटा घाटावर

देवळात गेलो की आपण उडी मारून घंटा वाजवतो. ती कुठून आली हे कोण विचारतो? पण आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दोन देवळांतल्या घंटा मुळात देवळासाठी ओतलेल्याच नव्हत्या. एक नसरापूरजवळच्या बनेश्वराला आहे, दुसरी भीमाशंकरला. बनेश्वराच्या घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. शिवाजी महाराज गेले त्यानंतर तीनच वर्षांनी ती ओतली गेली. तिसरी घंटा सातारा जिल्ह्यात वाईजवळ, मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे आणि साल आहे १७०७.

या घंटा चर्चच्या. वसई दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. किल्ल्यात आणि भोवतालच्या गावांत त्यांनी चर्च बांधली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी मोठ्या लढाईनंतर किल्ला जिंकला. विजयाची खूण म्हणून तिथल्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या.

आता ही घंटा करायची काय, ते पाहा. पूर्वी गावात कुणाकडे घड्याळ नसायचं. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते, खालून दोर ओढला की घणघणते. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा प्रार्थनेची घंटा व्हायची. वाडीतली माणसं तेवढा वेळ काम थांबवायची. कुणी वारलं की एकेक टोला संथपणे पडायचा. मग निरोप धाडायला वेगळा माणूस कशाला? दूर फ्रान्समध्ये १ ऑगस्ट १९१४ ला लढाईसाठी सैन्य गोळा करण्याच्या हुकमाची बातमी खेडोपाडी अशीच कळली. ऐन सुगीत शेतकरी रानात होते आणि गावोगावच्या चर्चच्या घंटा एकदम वाजू लागल्या. त्या देशात १९०५ च्या कायद्यानंतर गावची जुनी चर्च गावाच्याच मालकीची झाली. म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीकडे असावीत तशी. छप्पर गळलं तर तिथे गावालाच बघावं लागतं.

वसईच्या किल्ल्यातली चर्च आज पडकी आहेत, नुसत्या भिंती आणि कमानी उरल्यात. पण आसपासच्या गावांतली चर्च नांदती आहेत. तिथले लोक केळी, भाजी, पानवेली पिकवणारे, आणि त्यांची उपासना मराठीत चालते. धर्मगुरू पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली तिथे पतपेढी काढली. तिचीच पुढे मोठी सहकारी बँक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिथलेच. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मला तर वाटतं, या घंटांना नुसती लूट म्हणणं अपुरं आहे. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्या आपल्याकडे आहेत, त्यांचा नाद आपल्या आरतीत मिसळला आहे. तरी अंगावरचा क्रूस आणि मरियम कुणी घासून काढली नाही, हे मात्र लक्षात घ्या.

बनेश्वरला गेलात तर घाईनं वाजवू नका. आधी तिच्यावरचे आकडे शोधा, वहीत उतरवून घ्या, मग वाजवा.